कोटीभर स्लिपा आणि एक अक्षर

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात येणारे बहुतेक जण लोकमान्यांची खोली पाहतात, पुरातत्त्वाच्या संग्रहालयात डोकावतात आणि परततात. आमच्या संपादकांनी मला धाडलं ते संस्कृत महाकोशाच्या स्क्रिप्टोरियममध्ये. तिथे लोखंडी खणांच्या रांगा आहेत आणि खणांत दाटीवाटीनं उभ्या लावलेल्या कागदी स्लिपा. सगळ्या मिळून सुमारे एक कोटी.

संस्थेचा इतिहास मोठा आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेली पाठशाळा पुढे कॉलेज झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये कोशाचं काम आरंभलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ त्यासाठी निवडले. त्यांत वेद आणि काव्यांबरोबर वैद्यक, गणित, ज्योतिष, व्यवहार म्हणजे कायदा, शिल्प, अश्वचिकित्सा अशा ६२ विद्याशाखा होत्या. हे ग्रंथ वाचून शब्द उतरवून काढायलाच १९७३ उजाडलं. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली छपाईला सुरुवात झाली ती १९७६ मध्ये.

मला खिळवून ठेवलं ते स्लिपेनं. एका स्लिपेवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथातला नेमका ठावठिकाणा. बस, एवढंच. पण एका शब्दाच्या साऱ्या स्लिपा टेबलावर मांडल्या की एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी शास्त्रं शेजारी येऊन बसतात. ‘अग्नि’ घ्या. ऋग्वेदाचा पहिलाच शब्द हा, आणि तिथे तो देव आहे. वैद्यांच्या ग्रंथांत तो पोटात अन्न पचवतो; निघंटूत चित्रक या वनस्पतीचं नाव होतो. गणिती आणि ज्योतिषी श्लोकात आकडे गुंफताना ‘अग्नि’ लिहितात तेव्हा तो तीन असतो, कारण यज्ञातले अग्नी तीन. धर्मशास्त्रात आरोपीची सचोटी पारखणाऱ्या दिव्यांपैकी एक अग्नीचं. मंत्रशास्त्रात ‘रं’ हे त्याचं बीज. हे सगळे अर्थ वेगळे काढायचे, कोणती स्लिप कुठे जाते ते ठरवायचं आणि प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठे दिसतो ते दाखवायचं, हे संपादकाचं काम. नुसतं संस्कृत येऊन भागत नाही. चरकही वाचता यावा लागतो, भास्कराचार्यही आणि याज्ञवल्क्यावरची मिताक्षराही.

खरी कसोटी यानंतर लागते. कोश ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला, म्हणजे जुना अर्थ आधी, नवा नंतर. त्यासाठी ग्रंथाचा काळ ठाऊक हवा आणि संस्कृतात नेमकं तेच अवघड. कौटिल्याचं अर्थशास्त्र कुणी इसवीसनापूर्वीच्या चौथ्या शतकात ठेवतो, तर कुणी इसवीसनाच्या पहिल्या शतकांत आणतो. पुराणांत तर एकाच ग्रंथात अनेक शतकांचे थर असतात. एक ग्रंथ दोनशे वर्षं पुढे सरकवला की करांच्या, साक्षीदारांच्या, कर्जाच्या शब्दांचे अर्थक्रम हलतात. आणि अमुक हक्क किंवा अमुक शिक्षा आपल्या समाजात केव्हापासून आहे, या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याबरोबर हलतं. म्हणून एका नोंदीवर दिवसचे दिवस जातात ते मला योग्यच वाटतं.

आजवर पस्तीसच्या आसपास भाग छापून निघाले आणि ते सारे ‘अ’चे. हे ऐकून लोक हसतात तेव्हा मला वाईट वाटतं. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग आणि नकाराचा ‘अ’ ज्या अक्षरात आहेत ते मुळातच भारी अक्षर. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशातही त्यानं सुमारे एक दशांश पानं व्यापली आहेत. म्युनिकमध्ये लॅटिनचा असाच कोश १८९४ पासून चालू आहे, तोही कोटीभर स्लिपांच्या आधारावर, आणि अजून पुरा व्हायचा आहे. तरीही एक दशांशाला जर जवळपास अर्धशतक, तर उरलेल्याला किती, हा हिशेब टाळता येत नाही.

मला धास्ती आहे ती माणसांची. स्लिपा स्कॅन करता येतात, संगणकावर शोधता येतात. कागद जीर्ण होतोय म्हणून ते करायलाच हवं. पण आयुर्वेदातला ‘अग्नि’ नेमका कुठे देव आहे आणि कुठे जठराग्नी, हे सांगणारी नजर वर्षानुवर्षं स्लिपा चाळूनच येते. अनुभवी संपादक निवृत्त होतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते. छापील नोंदीत निर्णय उरतो. तो का घेतला, कोणती स्लिप का बाजूला ठेवली, एखाद्या ग्रंथाचा कोणता काळ का धरला, ते उरत नाही. पुढचा माणूस तोच वाद पहिल्यापासून घालतो. सरकारनं नव्या जागा भराव्यात, हे खरंच. पण त्या भरेपर्यंतसुद्धा एक गोष्ट करता येईल: प्रत्येक नोंदीमागची कारणं, आज काम करणाऱ्यांच्याच शब्दांत, स्लिपांइतक्याच शिस्तीनं लिहून ठेवायची आणि तिथे शिकायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती आधी वाचायला द्यायची.