अनाथ तेलविहिरी आणि उन्हाळी विद्यार्थी

कॅनडाच्या पश्चिमेकडील अल्बर्टा प्रांतात मे ते ऑगस्ट विद्यापीठांना उन्हाळी सुटी असते. फीचे पैसे जमवण्यासाठी या चार महिन्यांत कुणी हॉटेलात काम करतो, कुणी बागकाम. पर्यावरण, मृदाशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकणारी काही मुले-मुली मात्र हेल्मेट, जाड बूट आणि आगरोधक कपडे चढवून जुन्या तेल व वायूविहिरींच्या जागांवर जातात. हातात फावडे आणि मोजपट्टी, छातीच्या खिशाला छोटे वायुमापक यंत्र. विहीर कधीच बंद पडलेली असते, कंपनी अनेकदा बुडालेली असते. जागा पूर्ववत करण्याचे काम उरलेले असते, आणि त्या कामाची सुरुवात या मुलांच्या फावड्याने होते.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनच्या दक्षिणेला लेडक येथे मोठा तेलसाठा लागला आणि अल्बर्टाचे अर्थकारण बदलून गेले. तेव्हापासून या प्रांतात चार लाखांहून अधिक विहिरी खोदल्या गेल्या. ज्या विहिरीचा मालक दिवाळखोर झाला किंवा उरलाच नाही, तिला तिथे ‘अनाथ’ विहीर म्हणतात. अशा विहिरी मार्गी लावायला ‘ऑर्फन वेल असोसिएशन’ नावाची संस्था आहे आणि तिचा मुख्य खर्च तेल कंपन्यांकडून दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या आकारणीतून भागतो. दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेतून आधी बँकांची देणी भागवायची की जमीन साफ करायची, हा वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने कौल दिला : आधी जमीन. पुढच्याच वर्षी, कोविडच्या मंदीत, केंद्र सरकारने पश्चिमेकडील तीन प्रांतांतील अशा कामांसाठी १.७ अब्ज कॅनेडियन डॉलर जाहीर केले. म्हणजे काही भार शेवटी करदात्यावर आलाच.

तिथल्या तेलधंद्यात विहीर ‘सोडून दिली’ याचा अर्थ आपल्याला वाटतो त्याच्या बरोबर उलट आहे. नळीत सिमेंटचे बूच घालून, वरचा लोखंडी भाग जमिनीखाली किमान एक मीटरवर कापून, त्यावर झाकण बसवले की मगच ती विहीर ‘सोडली’ असे म्हणतात. हे अवजड काम प्रशिक्षित पथके करतात. ते नीट झाले नाही तर मिथेन वर येत राहतो, कधी भूजलाच्या थरातही शिरतो. मिथेन स्वतः फारसा विषारी नाही, पण बंद खोलीत साठला तर स्फोट होतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

विद्यार्थ्यांची पाळी बूच बसल्यानंतर येते. एका विहिरीभोवतीची जागा साधारण एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर. तिथे वर्षानुवर्षे ट्रक फिरलेले, खडी पसरलेली, तेल सांडलेले. मुले त्या जागेवर लहान खड्डे घेतात आणि शेजारच्या, कधीच हात न लागलेल्या जमिनीवरही घेतात. मग दोन्हींची तुलना : वरच्या काळ्या मातीचा थर किती सेंटिमीटर, रंग कसा, माती दाबून घट्ट झाली आहे का, मुळे किती खोल गेली, गवताची उंची किती, किती जमीन उघडी आहे, काटेरी तण किती. ओल्या मातीचा गोळा बोटांत दाबून तिची पट्टी किती लांब निघते, यावरून चिकणमातीचे प्रमाण ठरवतात. आपल्याकडचा अनुभवी शेतकरी हेच रोज करतो, फक्त त्याची नोंद ठेवत नाही. जमीन पूर्वीइतकीच पिकू शकेल असे दाखवता आले तरच सरकारी प्रमाणपत्र मिळते.

सर्वांत चिवट प्रश्न तेलाचा नसून मिठाचा आहे. तेलासोबत खोलवरचे पाणी वर येते आणि ते बहुधा समुद्राच्या पाण्याहूनही खारट असते. ते सांडले की त्यातले सोडियम मातीतल्या कॅल्शियमची जागा घेते, मातीचे कण विस्कटतात आणि पाणी मुरणे थांबते. वर पांढरट थर, खाली दगडासारखी घट्ट माती. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ज्याला चोपण जमीन म्हणतात, तोच हा आजार. कारण तेवढे वेगळे. उपायही ओळखीचा : जिप्सम घालायचे, म्हणजे कॅल्शियम परत द्यायचे, आणि सुटलेले मीठ गोड्या पाण्याने धुऊन न्यायचे. तेलाचे काही घटक मातीतले जिवाणू कालांतराने खाऊन टाकतात. मीठ कोणी खात नाही.

आता मुलांच्या प्रकृतीविषयी. या धंद्यात सर्वांत भीती हायड्रोजन सल्फाइडची. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो. दहा लाखांत शंभर भाग एवढे प्रमाण झाले की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो. हा वायू पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतो. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. खात्रीचा उतारा नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत साठतो. १९८२ मध्ये अल्बर्टातील लॉजपोलची विहीर फुटली तेव्हा ती आटोक्यात आणायला गेलेल्या पथकातील दोघे याच वायूने गेले.

बूच बसलेल्या जागेवर हा धोका थोडा असतो. शेजारी चालू विहीर किंवा जुनी टाकी असली तर वाढतो. म्हणून कामावर जाण्याआधी मुलांना एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. खिशातले यंत्र दहा भागांवरच ओरडू लागते आणि नियम एकच असतो : बाहेर पडा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंचावर जा, साथीदाराला वाचवायला श्वसनसंचाशिवाय मागे फिरू नका. आपल्याकडे मॅनहोलमध्ये आणि मैलाटाक्यांत हाच वायू माणसे मारतो. एक उतरतो, कोसळतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा त्याच्यामागे. पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर तीन देह एकत्र येतात ते यामुळे. मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे; खिशातले यंत्र मात्र अजून फार थोड्यांच्या वाट्याला येते.

दुसरा धोका लहान दिसतो. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये हरीण-उंदीर नावाचा पांढऱ्या पोटाचा उंदीर राहतो. त्याच्या वाळलेल्या लेंड्या झाडूने झाडल्या की धुळीबरोबर हंता विषाणू फुप्फुसात जातो. अमेरिकेत १९९३ मध्ये या आजाराची ओळख पटली. एक ते आठ आठवड्यांनी ताप येतो, मांड्या आणि पाठ दुखते, मग अचानक श्वास लागतो. तीनांपैकी एकाहून अधिक रुग्ण दगावतात. उपाय साधा आहे : शेड उघडून हवा खेळू द्यावी, लेंड्या ब्लीचच्या पाण्याने भिजवाव्यात, मगच पुसून काढाव्यात. कोरडा झाडू लावू नये. ताप आलाच तर डॉक्टरांना आधी काम सांगावे. कोकणात भातलावणीनंतर ताप आलेला माणूस ‘चिखलात होतो’ एवढे म्हणाला तरी लेप्टोचे निदान वेळेवर होते, तसेच हे.

आणि ऊन. थंड देशात ऊन कसले, असे वाटेल. पण २९ जून २०२१ रोजी शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातील लिटन गावी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले. एडमंटनला जूनमध्ये दिवस सतरा तासांचा असतो आणि आगरोधक कपड्यांतून घाम सुकत नाही. शरीराला उष्म्यात कामाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात; उष्माघाताचे बळी बहुतांशी पहिल्या काही दिवसांतलेच असतात.

एकूण अपघातांचेही तसेच. टोरंटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’च्या अभ्यासात नोकरीच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचे प्रमाण वर्षभर मुरलेल्या कामगाराच्या तिपटीहून अधिक आढळले. उन्हाळी विद्यार्थी तर दरवर्षी नवा. त्याला पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवे असते, म्हणून ‘मला हे येत नाही’ असे तो सहसा म्हणत नाही. कंपनीने पहिला आठवडा फक्त शिकवण्यासाठी, पूर्ण पगारासह द्यावा. हेल्मेटपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. गाडी चालवण्याबाबतही तेच. खडीच्या रस्त्यावर दमून रात्री परतणारी गाडी या धंद्यात वायूपेक्षा जास्त बळी घेते.

ऑगस्टअखेर मुले वर्गात परततात. त्यांनी पेरलेले स्थानिक गवताचे बी बर्फाखाली पडून राहते. काही जागांना दोन-तीन उन्हाळ्यांत प्रमाणपत्र मिळते, खारवलेल्या जागांना दहा वर्षेही पुरत नाहीत. पुढच्या जूनमध्ये दुसरा कोणी विद्यार्थी मोजपट्टी घेऊन येतो, जुन्या वहीतला आकडा पाहतो आणि शेजारी नवा लिहितो.