एकच गाणं, दोन हेडफोन

‘चांगला हेडफोन कोणता गं?’ असं मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी उलट विचारते, ‘तू ऐकतेस काय?’ पेजेचा तांदूळ वेगळा, मसालेभाताचा वेगळा, तसंच आहे हे!

पन्नाशीनंतर मी नाट्यसंगीत शिकायला लागले. पदं पुन्हापुन्हा ऐकायची ती घर झोपल्यावर. दिवसभरात तेवढा पाऊण तासच काय तो माझा. सासूबाईंची झोप सावध आणि पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवणार. म्हणून ‘क्लोज्ड बॅक’ हेडफोन हवा होता. त्यात कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद असते. आतलं गाणं बाहेर फारसं जात नाही आणि बाहेरचा गलकाही थोडा अडतो.

ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या भाच्याने दोन हेडफोन आठवडाभर वापरायला दिले. एक सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून स्टुडिओंमध्ये रुळलेला. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, २०१४ मध्ये आलेला. दोन्ही वायरवाले.

‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधली पं. वसंतराव देशपांडे यांची पदं सोनीवर लावली आणि थक्क झाले. तानेतला स्वरन् स्वर सुटा, श्वास कुठे घेतला तेही कळतं! शिकणारीला आणखी काय हवं? ऑडिओ-टेक्निकावर तीच पदं भरदार वाटली, पण मधूनच डग्गा गळ्यावर चढायचा. मास्टर दीनानाथांच्या जुन्या तबकड्यांचं मात्र उलटं. सोनीवर गाण्याइतकीच खरखरही ठळक. ऑडिओ-टेक्निकावर ती कानाला कमी टोचली.

जाखडीतला मृदंग, भजनातला पखवाज आणि ‘सैराट’ (२०१६) मधलं ‘झिंगाट’ ऐकावं ते ऑडिओ-टेक्निकावरच. खर्ज असा घुमतो की पाय आपसूक हलतात. लेकाने तर तोच उचलला होता!

मी सोनी ठेवून घेतला, कारण मला शिकायचं आहे. नुसती मौज म्हणून ऐकायचं असतं तर दुसरा घेतला असता.

आता दोन गोष्टी जपायच्या. आवाज बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ठीक. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. शिवाय आपल्या दमट हवेत कान घामेजतात. सोनीच्या गाद्यांचं पातळ आवरण कालांतराने सोलवटतं, म्हणून ऐकून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. गाद्या बदलताही येतात.

आणि हो, गॅसवर कुकर चढवून हेडफोन लावू नका, शिट्टी ऐकू यायची नाही!

दुकानात जाल तेव्हा दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर भुलू नका. मोबाइलमध्ये आपली रोजची तीन गाणी घेऊन जा, दोन्हींवर तीच ऐका. कान आपले, गाणं आपलं. मग पसंतीही आपलीच हवी, नाही का?