आधी काडतूस, मग हात, शेवटी पिस्तूल

मालिकेत तो प्रसंग जेमतेम चार सेकंदांचा आहे. पावसात, घाटमाथ्यावर, धोतर नेसलेला एक पोरगा पिस्तूल रोखतो आणि लागोपाठ तीन बार काढतो. त्या चार सेकंदांसाठी आम्ही इगतपुरीत अख्खा दिवस घालवला. त्यातला निम्मा दिवस माझ्यामुळे वाया गेला, हे मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

गोष्ट होती नाशिकच्या कटाची. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. त्याआधी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या ट्रंकेतून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. आमचा प्रसंग लेखकाने मनाने रचलेला, सरावाचा. ‘ब्राउनिंग’ मात्र खरं हवं, असा दिग्दर्शकाचा हट्ट. खरं आणलंही, पण ते निघालं १९२२च्या नमुन्याचं, .३२ बोअरचं, दुसऱ्या महायुद्धातून उरलेलं. १९०९च्या पोराच्या हातात तेरा वर्षांनी जन्मलेलं पिस्तूल! ‘पावसात कोण बघतंय,’ असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

ते पिस्तूल सांभाळायचे आबा. शूटिंगला बंदुका पुरवण्यात त्यांचा जन्म गेलेला, आणि मी त्यांचा नवखा मदतनीस. निघण्याआधी आठवडाभर मी ते उघडलं. पुढचं टोपण फिरवून काढलं, तशी नळीभोवतीची स्प्रिंग सुटून टेबलाखाली गेली. नव्या स्प्रिंगशेजारी धरली तर जुनी चांगली बोटभर आखूड. दबून दबून थकलेली. म्हटलं, आबांना दाखवू आपण किती तयार झालोय ते. नवी करकरीत स्प्रिंग घातली आणि जुनी कचऱ्यात टाकली.

इगतपुरीचा जुलै म्हणजे आभाळ जमिनीवर उतरलेलं. गावात धम्मगिरी ध्यानकेंद्र, तिथे माणसं दहा-दहा दिवस मौन पाळून बसलेली. त्यामुळे निर्मिती व्यवस्थापकाने जागा मुद्दाम लांब, कसाऱ्याच्या अंगाला निवडली होती. खालून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी इंजिनं ऐकू यायची. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. पुढचं इंजिन एकटं पुरत नाही, म्हणून मागून बँकर लावतात. हे रेट्याचं गणित त्या दिवशी आम्हालाही नडणार होतं.

पहिला टेक. पहिला बार वाजला, दुसरा नाही. पाहिलं तर रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकलेली, चुलीच्या धुराड्यासारखी. काढली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नवं काडतूस नळीच्या तोंडाशी नाक घासून वाकडं बसलं. दिग्दर्शक म्हणाला, “आबा, हे भंगार कुठून आणलंत?”

मी लगेच पिस्तूल उघडायला घेतलं. आबांनी हात धरला. “उघडायचं शेवटी. आधी काडतूस बघ, मग मॅगझिन, मग माणसाचा हात. पिस्तूल सगळ्यात शेवटी.”

त्यांनी छत्रीखाली उकिडवं बसून मॅगझिन रिकामं केलं. शूटिंगच्या काडतुसाला शिशाची गोळी नसते. तोंड चुण्या घालून मिटवलेलं असतं, मोदकासारखं. गोळीचं गुळगुळीत नाक नळीत सुरळीत सरकतं, मोदकाचं टोक अडतं. त्यातून .३२च्या पुंगळीला बुडाशी किंचित बाहेर आलेला काठ असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकला की दोघंही हलत नाहीत. घाईत भरताना मी तेच केलं होतं. आबांनी एकेक काडतूस पुन्हा भरलं, वरच्याचा काठ खालच्याच्या पुढे ठेवून. मॅगझिनचे ओठ अंगठ्याने चाचपले. ते शाबूत होते.

काडतूस आता नीट चढू लागलं, पण पुंगळी काही बाहेर पडेना. आबांनी पिस्तुलाची वरची स्लाइड हाताने मागे ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. “स्प्रिंग कुणी बदलली?”

मी गप्प.

गोळी पुढे जाते तेव्हा तिच्याच धक्क्याने स्लाइड मागे येते, पुंगळी फेकते आणि परतताना पुढचं काडतूस आत ढकलते. गोळीच नसेल तर धक्का कुठला? म्हणून शूटिंगच्या पिस्तुलात नळी आतून बुजवून बारीक छिद्र ठेवतात, म्हणजे कोंडलेला वायू रेटा देतो. तोही खऱ्याच्या मानाने कमीच. थकलेली स्प्रिंग त्या रेट्याला पुरत होती. माझी नवी स्प्रिंग खऱ्या गोळीसाठी होती, फुसक्या बाराला ती मुळीच बधेना. मी पिस्तूल दुरुस्त करून बिघडवलं होतं.

आबांनी सामानातून पत्र्याचा डबा काढला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी स्प्रिंग. कचऱ्यातून कधी उचलली, देव जाणे. “कामावरून काढलेल्या माणसाला लगेच गावाबाहेर घालवू नये,” एवढंच म्हणाले.

जुनी स्प्रिंग बसवून पुढचा टेक. चाप ओढला तर काहीच नाही, साधी ‘टक’सुद्धा नाही. आता मी शहाणा झालो होतो. काडतूस ठीक, मॅगझिन ठीक. हात पाहिला. भिजून गारठलेला आमचा नट पोस्टरवरच्यासारखं दोन बोटांत नजाकतीने पिस्तूल धरून उभा. या नमुन्याच्या मुठीत मागे एक पट्टी असते. ती तळव्याने दाबली गेल्याशिवाय चाप मुका. म्हटलं, “साहेब, नारळ धरल्यासारखं धरा.” धरलं. बार वाजला.

नंतर एकदा नुसती ‘टक’ झाली. नट पिस्तूल वळवून बघायला लागला, तसे एरवी शांत असणारे आबा ओरडले, “तोंड जमिनीकडे! हलायचं नाही!” उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं, म्हणून तीस सेकंद मोजले. मग काडतूस काढलं. त्याच्या बुडाच्या टोपीवर पिनेचा ठसा फिकट. गारठ्याने आतलं जुनं ग्रीस घट्ट झालं होतं, पिनेला जोर मिळत नव्हता. आता कुठे पिस्तूल पुरतं उघडायची पाळी आली. ग्रीस पुसून तेलाचा एक थेंब. बस्स.

त्या तीस सेकंदांना तेव्हा सगळे हसले होते. पण ३१ मार्च १९९३ला ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली गेला तो थांबून न बघितल्यामुळेच. नळीत आधीची गोळी अडकून राहिलेली कुणी पाहिलीच नाही आणि फुसक्या बाराने ती बाहेर ढकलली. २०२१मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हलिना हचिन्स गेली, ती रिव्हॉल्व्हरमध्ये खरं काडतूस भरलं गेलं म्हणून. यंत्र दोन्हीकडे चाललं होतं, बघायचं राहिलं होतं.

अंधार पडता पडता टेक मिळाला. पण आबा पॅकअप होऊ देईनात. तेवीस बार उडाले होते, पुंगळ्या भरल्या बावीस. चाळीस माणसं बॅटऱ्या घेऊन चिखलात वाकली. तासाभराने स्पॉटदादाने वैतागून आपली उलटी ठेवलेली छत्री झटकली, तशी तेविसावी पुंगळी टणकन माझ्या बुटावर पडली.

आबांनी ती पुसली, डब्यात टाकली आणि वहीत आकडा लिहिला. वही माझ्या हातात देत म्हणाले, “आता स्प्रिंगचंही लिही. तुझ्या अक्षरात.”