इग्वाना पाळायचा तर आधी दिव्याचा हिशेब करा

पक्षी आणि मासे विकणाऱ्या काही दुकानांत आता हिरवा इग्वाना नावाचा मोठ्या जातीचा सरडा दिसू लागला आहे. मुले हट्ट धरतात, आणि वीतभर पिल्लू पाहून आपणही म्हणतो, एवढ्याशा जिवाला काय लागणार? आम्ही ह्याच समजुतीत फसलो, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांपुढे हा हिशेब मांडीत आहोत.

आमच्या भाच्याने असे एक पिल्लू आणले. माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवून पेटी खिडकीपाशी मांडली. खायला कोबी आणि काकडी. दुकानदार म्हणाला होता की खिडकीतले ऊन पुरेसे आहे. आम्हालाही ते पटले. शोकेसच्या काचेमागे ठेवलेले कापड उन्हाने विटते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. काचेतून ऊन येते म्हणजे त्यातले सगळेच येते, असे आम्ही धरून चाललो.

आठ महिन्यांनी भाचा धावत आला. "मामू, ह्याचा जबडा रबरासारखा लागतो." मागचे पाय सुजले होते, बोटे थरथरत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडे ठिसूळ झाली होती आणि एका पायाचे हाड मोडले होते. औषधपाण्याने जनावर वाचले, पण जबडा वाकडा तो वाकडाच राहिला.

काचेचा धोका

डॉक्टरांनी समजावले ते असे. उन्हात अतिनील किरणांचे प्रकार असतात. कापड विटवणारे बरेचसे किरण काचेतून आत येतात. पण ज्या किरणांमुळे इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, ते यूव्हीबी किरण खिडकीची काच अडवते. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर आपल्याच हाडांतून ते काढून घेते.

म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी नळी लावावी आणि रोज १० ते १२ तास चालू ठेवावी. नळी व प्राणी ह्यांच्यामध्ये काच येऊ देऊ नये. किती अंतरावर लावायची ते खोक्यावर छापलेले असते. ही नळी पुढे प्रकाश देत राहते, पण सहा महिने ते वर्षभरात तिचे यूव्हीबी किरण घटतात. बसवल्याची तारीख लिहून ठेवावी आणि मुदत संपली की नळी बदलावी.

सकाळचे कोवळे ऊन मात्र आपल्याकडे फुकट आहे. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, समोर बसून ते द्यावे. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये. थोड्याच वेळात तिची भट्टी होते आणि प्राणी दगावतो.

चारा

इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. अंडी, मांस, कुत्र्याचे खाद्य दिल्यास त्याचे मूत्रपिंड बिघडते. रोजच्या चाऱ्यात मुख्य भाग हिरव्या पाल्याचा हवा. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले चांगली. जोडीला किसलेला लाल भोपळा, आणि फळ अगदी थोडे. पालक क्वचितच द्यावा, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवते. कोबी-काकडीवर पोट भरते, हाडे भरत नाहीत. चाऱ्यावर कॅल्शियमची पूड किती भुरभुरायची, ते डॉक्टरांना विचारावे.

घर आणि ऊब

हा प्राणी मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील दमट रानांचा, झाडावर राहणारा. शेपटीसह तो दीड मीटर किंवा त्याहून लांब होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा वर्षेही जगतो. त्याला उंच घर लागते. पूर्ण वाढलेल्यासाठी सहा फूट उंचीचे कपाटच म्हणा. आत जाड फांद्या, अंग बुडेल असे पाण्याचे भांडे आणि हवेत ओलावा हवा. एका टोकाला दिव्याखाली सुमारे ३५ अंश ऊब आणि दुसरे टोक २६-२७ अंशांचे ठेवावे, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलतो. तापणारे विजेचे दगड ठेवू नयेत, पोट भाजते. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, त्यामुळे लहान मुलांना जपावे.

कागदपत्रे

हिरवा इग्वाना साइट्स ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम ह्यांप्रमाणे असा प्राणी जवळ असल्यास सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्याला दिला किंवा त्याला पिल्ले झाली तरी कळवावे लागते. आपल्याकडील घोरपड आणि सांडा ह्यांना मात्र हातही लावू नये. १९७२ च्या कायद्याने त्यांना पकडणे, पाळणे आणि विकणे गुन्हा आहे. सांड्याच्या तेलाचा धंदाही त्यातच आला.

धंद्याची गोष्ट

पिल्लाच्या किमतीपेक्षा त्याचे घर, दिवे आणि दरवर्षीची नळी ह्यांचा खर्च जास्त होतो, हे विक्रेत्याने आधीच सांगावे. दिवा न घेणाऱ्याला पिल्लू देऊ नये. ह्यात नुकसान नाही. उंच जाळीदार कपाट आपला सुतार करील, दिव्याची जोडणी आपला वायरमन करील, चार हातांना काम मिळेल. उलट खोटी माहिती देऊन विकलेले जनावर सहा-आठ महिन्यांत लुळे पडते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

भाच्याचा इग्वाना आज सहा फुटी कपाटात फांदीवर बसलेला असतो. वाकड्या जबड्यामुळे पाने तोडायला त्याला त्रास होतो, म्हणून भाचा रोज शेवग्याचा पाला बारीक चिरून देतो. ही मेहनत एका नळीने वाचली असती.