विश्लेषण : जिजाऊंचे बालपण, इतिहास किती, कादंबरी किती?

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी राज्यभरातून लोक येतात. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यातील जन्मस्थळी माथा टेकतात, रंगमहाल पाहतात, मोबाइलवर छायाचित्रे घेतात. घोड्यावर बसणारी, तलवार चालवणारी, वडिलांना बिनधास्त प्रश्न विचारणारी छोटी जिजाऊ तोवर त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते. पण ही छोटी जिजाऊ आली कुठून? कागदपत्रांतून, बखरींतून, की कादंबऱ्या आणि मालिकांतून? सरदारघराण्यातल्या बालपणाची गोष्ट कशी रचली जाते, हे समजून घ्यायला १७० वर्षांपूर्वीची एक रशियन कादंबरीही मदत करते.

जिजाऊंच्या बालपणाविषयी खात्रीने काय सांगता येते?

फार थोडे. सिंदखेडचे लखुजीराव जाधव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. जिजाऊ त्यांच्या कन्या. आईचे नाव म्हाळसाबाई. १२ जानेवारी १५९८ ही जन्मतारीख मानून जन्मोत्सव होतो. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे आजच्या हिशेबाने प्राथमिक शाळेच्या वयात ही मुलगी सासरची झाली.

समकालीन म्हणावी अशी साहित्यसाधने दोन. शहाजीराजांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ आणि शिवकाळात कवींद्र परमानंदांनी रचलेले ‘शिवभारत’. पहिला ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रकाशात आणला. दोन्ही ग्रंथांत जिजाऊ येतात, पण पत्नी म्हणून आणि माता म्हणून. त्या लहानपणी कोणाशी खेळल्या, काय शिकल्या, कशाला घाबरल्या, याचे वर्णन तिथे शोधून उपयोग नाही. दरबारी कवीला त्याचे कारणही नव्हते. पुढे पुण्याचा कारभार पाहताना जिजाऊंच्या नावाने निघालेली पत्रे उपलब्ध आहेत. ती वतनाच्या, इनामाच्या आणि तंट्याच्या निवाड्याची. त्यात बालपणाच्या आठवणी असण्याचा प्रश्नच नाही.

मग रंगपंचमीचा प्रसंग कुठला?

सिंदखेडचा रंगमहाल दाखवताना हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी. लखुजीरावांकडे रंगोत्सव होता. मालोजीराजे छोट्या शहाजीला घेऊन आले होते. दोन्ही मुले एकमेकांवर रंग उडवू लागली. जोडा छान दिसतो, असे लखुजीराव हसत हसत बोलून गेले. मालोजींनी तो शब्द उचलून धरला आणि सोयरीक ठरल्याचे भर बैठकीत जाहीर केले. जाधवांच्या घरात हे रुचले नाही, कारण भोसले त्यांच्या तोलाचे मानले जात नव्हते. पुढे देवीच्या कृपेने मालोजींना धन सापडले, निजामशाहीत मनसब मिळाली आणि मगच लग्न लागले.

ही गोष्ट सर्वत्र पसरली ती बखरींमुळे. सातारा दरबारातील मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनेनंतर सुमारे २०० वर्षांची. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही ती आहे. तिथून ती पाठ्यपुस्तके, कथा, चित्रपट असा प्रवास करत घराघरांत पोहोचली.

गोष्ट नीट ऐकली तर एक बाब लक्षात येते. तिच्या केंद्रस्थानी मुलगी नाहीच. विषय आहे दोन घराण्यांच्या इभ्रतीचा. भोसले मोठे कसे झाले आणि त्यामागे दैवी इच्छा कशी होती, हे तिला सांगायचे आहे. मूठभर रंग उडवण्यापलीकडे त्या मुलीच्या वाट्याला काही येत नाही. आपल्याविषयी घरात काय चालले आहे हे तिला कळले का, याबद्दल बखर गप्प आहे.

टॉलस्टॉयचा इथे काय संबंध?

लिओ टॉलस्टॉय हे रशियातील उमराव घराण्यात १८२८ मध्ये जन्मले. यास्नाया पोल्याना ही त्यांची वडिलोपार्जित जहागीर. वाडा, बागा, परकी शिक्षक, दिमतीला नोकरचाकर आणि जमिनीला बांधलेली भूदास कुळे, असे ते जग. त्यांची पहिली प्रसिद्ध झालेली कादंबरी ‘बालपण’ १८५२ मध्ये आली. त्यानंतर १८५४ मध्ये ‘कुमारवय’ आणि १८५७ मध्ये ‘तारुण्य’. मोठ्या घरातल्या मुलाच्या वाढत्या वयाची गोष्ट म्हणून जगभर या तीन पुस्तकांचे नाव घेतले जाते.

‘बालपण’ची सुरुवात अगदी साधी आहे. निकोलेन्का नुकताच दहा वर्षांचा झाला आहे. सकाळी त्याचे जर्मन शिक्षक त्याच्या डोक्याच्या वर माशी मारतात, त्याने झोपमोड होते आणि तो मनातल्या मनात चिडतो. थोड्या वेळाने त्याच शिक्षकांबद्दल त्याला माया दाटून येते आणि मघाच्या रागाची लाज वाटते. लढाई नाही, दरबार नाही. एका मुलाच्या मनात काही मिनिटांत काय काय होऊन जाते, एवढेच. बखरीत जे नाही, नेमके तेच इथे आहे.

पण ती टॉलस्टॉय यांची खरी कहाणी आहे का?

नाही, आणि मुद्दा इथेच आहे. ही कादंबरी ‘सोव्रेमेन्निक’ या मासिकात छापताना संपादकांनी शीर्षक बदलून ‘माझ्या बालपणाचा इतिहास’ असे केले. तेव्हा २४ वर्षांचे असलेले टॉलस्टॉय त्यावर संतापले. ‘माझ्या’ बालपणाशी वाचकाला काय देणेघेणे, असा त्यांचा सवाल होता. आपले आणि बालपणीच्या मित्रांचे अनुभव आपण त्यात एकत्र मिसळले, असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले.

सर्वांत मोठा फरक आईचा. कादंबरीतली आई मुलगा दहा वर्षांचा असताना जाते. तिचा आवाज, तिचे हसू, तिचे पियानो वाजवणे निकोलेन्काला लख्ख आठवते. प्रत्यक्षात टॉलस्टॉय दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांची आई वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. घरात तिचे चित्र म्हणून होती ती तिच्या लहानपणची एक छायाकृती. म्हणजे ज्या आईच्या वर्णनाने वाचकाचे डोळे भरून येतात, ती आई लेखकाने कल्पनेने घडवली आहे. त्यामुळे कादंबरी खोटी ठरत नाही. पण ती टॉलस्टॉय यांच्या आईच्या चरित्राचा पुरावा म्हणून कोणी वापरत नाही.

उमरावांच्या गोष्टीत नोकरचाकर कुठे असतात?

चांगल्या कादंबरीची ही एक कसोटी. ‘बालपण’मध्ये नताल्या साविश्ना नावाची वृद्ध नोकराणी आहे. तरुणपणी तिला घरातल्याच एका नोकराशी लग्न करायचे होते. मालकाला तो कृतघ्नपणा वाटला आणि शिक्षा म्हणून तिची रवानगी दूरच्या शेतावर झाली. पुढे तिला परत आणले गेले, आयुष्यभर तिने त्याच घराची चाकरी केली. मालकिणीने तिला दास्यमुक्तीचा कागद दिला, तो तिने अपमान समजून फाडून टाकला. रशियातील भूदास पद्धत १८६१ मध्ये संपली, त्याआधी नऊ वर्षे हे छापले गेले. कादंबरी संपते तीही याच बाईच्या मृत्यूने.

दुसरा प्रसंग इलेन्का नावाच्या गरीब मुलाचा. उमरावांची पोरे खेळता खेळता त्याला छळतात. निकोलेन्काला ते पटत नाही, पण ज्याच्यावर आपली छाप पडावी असे त्याला वाटते तो मुलगा त्यात पुढे असतो, म्हणून तोही सामील होतो. मोठेपणी ही आठवण त्याला सलते. मोठ्या घरात वाढणारे मूल श्रेष्ठ-कनिष्ठ हा भेद कसे शिकते, हे या एका प्रसंगातून कळते. रंगपंचमीच्या गोष्टीचा विषयही हाच आहे. तिथे तो मोठ्यांच्या बाजूने सांगितला आहे, इथे मुलाच्या बाजूने.

मराठीत असे लेखन आहे का?

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. कोकणातील पालगडचे हे खोताचे घराणे. आजोबांच्या काळात वैभव होते, पुढे कर्ज आणि घरावरची जप्ती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक ग्रंथाचा मराठी अनुवादही साने गुरुजींनीच ‘कला म्हणजे काय?’ या नावाने केला होता.

श्याम आणि निकोलेन्का यांच्यात वय, आई आणि उतरणीला लागलेले घर हे साम्य आहे. पण दोघेही मुलगे, दोघेही लिहायला शिकलेले आणि दोघांची गोष्ट सांगणारा लेखक त्या घरात स्वतः वाढलेला. सिंदखेडच्या वाड्यातल्या मुलीला यातली एकही सोय नव्हती. तिची गोष्ट नेहमी दुसऱ्यांनीच सांगितली. आधी भाटांनी आणि बखरकारांनी, मग कादंबरीकारांनी, अलीकडे मालिकांनी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या मालिकेत तर छोट्या जिजाऊंची व्यक्तिरेखा विशेष लोकप्रिय झाली.

मग कादंबरी आणि मालिकांवर विश्वास ठेवायचा की नाही?

प्रश्न विश्वासाचा नाही, फरक ओळखण्याचा आहे. सरदाराच्या वाड्यात वाढलेल्या मुलीने घोडे, हत्यारे, हिशेब आणि राजकारणाची बोलणी जवळून पाहिली असतील, हा तर्क रास्त आहे. पुढे त्यांनी पुण्याचा कारभार ज्या रीतीने सांभाळला, त्यावरून तो अधिक पटतो. मात्र अमुक दिवशी अमुक संवाद झाला, हे लेखकाचे असते. तो त्याचा हक्कही आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा मालिकेतला संवाद पुढे इतिहास म्हणून भाषणात येतो आणि भाषणातून शाळेच्या निबंधात उतरतो.

वाचकाने तीन प्रश्न विचारले तरी पुरे. हा प्रसंग घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला? तो सांगण्यात कोणाचा मोठेपणा सिद्ध होतो? आणि ज्या मुलाची किंवा मुलीची ही गोष्ट आहे, तिला त्यात स्वतःचे मन आहे का? पहिले दोन प्रश्न इतिहासासाठी, तिसरा साहित्यासाठी. रंगपंचमीची गोष्ट तिन्ही ठिकाणी अडखळते. ‘बालपण’ तिसऱ्या प्रश्नाला उतरते आणि पहिल्या दोहोंच्या वाटेला जातच नाही, कारण ती स्वतःला इतिहास म्हणवत नाही.

सिंदखेडराजात काय पाहावे?

समृद्धी महामार्गामुळे आता इथे पोहोचणे सोपे झाले आहे. राजवाड्याचे भक्कम दगडी महाद्वार, नीलकंठेश्वर मंदिर, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, काळा कोट ही स्थळे पाहताना त्या काळच्या सरदारघराण्याची ऐपत समजते. जवळच लखुजीरावांची भव्य समाधी आहे, तिथे थोडे थांबायला हवे.

कारण त्या समाधीमागची घटना बखरीतल्या कल्पनेवर उभी नाही. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात लखुजीरावांची त्यांच्या मुलांसह हत्या झाली. जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत वैर आलेले होते. खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याचे निमित्त होऊन दोन्हीकडची तरुण माणसे आपसांत लढून मेली होती. जिजाऊंचे माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे पित्याच्या आणि भावांच्या हत्येची बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या.

एवढे इतिहास सांगतो. ज्या वाड्यात ती मुलगी लहानाची मोठी झाली तिथली माणसे अशी गेल्यावर तिला काय आठवले असेल, हे मात्र कोणत्याही कागदात सापडणार नाही. ते काम कादंबरीचे आहे.