आकडा बदलायचा, पण कुठला?

ट्रिगरची सूत्रं या आठवड्यात वाचायची ठरली होती, ती पुढच्या वेळी. मध्येच एका वाचकाचा प्रश्न आला आहे, आणि तो सूत्रांच्या आधी सुटलेला बरा. झॅबिक्सच्या देखरेखीखाली दीडएकशे सर्व्हर आहेत, डिस्क भरल्याचे अलर्ट नको इतके येतात, वरून निरोप आलाय की ८० टक्क्यांची मर्यादा ८५ करा. एका फटक्यात कशी करायची?

होस्टच्या यादीत सगळ्यांवर टिक करा, मास अपडेट उघडा, ही मर्यादा ज्या मॅक्रोत असते त्याचं नवं मूल्य टाका. पाच मिनिटांचं काम. माझा आक्षेप वेगाला नाही, जागेला आहे. झॅबिक्स मॅक्रोचं मूल्य आधी होस्टवर शोधतं, तिथं नसेल तर टेम्प्लेटवर, आणि सर्वांत शेवटी ग्लोबल यादीत. (ग्लोबलमध्ये ८५ टाकूनही काही घडत नाही ते म्हणूनच: टेम्प्लेटमधला ८० वाटेतच गाठतो.) म्हणजे मास अपडेटनंतर एका आकड्याच्या दीडशे प्रती झाल्या आणि या सर्व्हरांपुरता टेम्प्लेटमधला आकडा मेला. वर्षभरानं कुणी तो बदलला तर काहीच होणार नाही, त्रुटीचा संदेशही येणार नाही. शिवाय क्लोन करून उभा केलेला प्रत्येक नवा होस्ट ही प्रत सोबत घेऊन जन्मतो. त्याच खिडकीत ‘आधीचं मूल्य असल्यास बदला’ अशा अर्थाचा एक चौकोन आहे. त्यावर टिक केलीत तर बॅकअपच्या सर्व्हरवर कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेला ९५ सुद्धा मुकाट ८५ होतो. तोच बदल टेम्प्लेटवर केला तर ९५ जिथल्या तिथे राहतो. फक्त मूळ टेम्प्लेटला हात लावू नका. नवी आवृत्ती आयात करताना तुमचा आकडा पुसला जाऊ शकतो. त्याची आपली प्रत करून मूळच्या जागी ती जोडा.

यावर कुणी म्हणेल, सगळे सर्व्हर सारखे नसतात, मग होस्टनिहाय आकडेच योग्य नाहीत का? सारखे नसतात हे खरंच. पण म्हणून तर होस्टची जागा अपवादांसाठी मोकळी ठेवायची. तिथं दीडशे सारखेच आकडे कोंबले की खरे तीन-चार अपवाद त्यांत ओळखूच येत नाहीत. मॅक्रोला वर्णनाचा रकाना असतो. अपवाद का केला ते तिथं लिहा. एखाद्या सर्व्हरवर फक्त ‘/व्हार’ वेगळं वागत असेल तर संदर्भासह मॅक्रो लिहून तेवढ्याच माउंटची मर्यादा बदलता येते.

आता खुद्द ८५ कडे येऊ. ४० जीबीच्या डिस्कवर ८५ टक्क्यांना ६ जीबी उरतात, ८ टीबीच्या डिस्कवर १,२०० जीबी. लॉग ताशी १ जीबीनं फुगत असेल तर पहिलीकडे सहा तास आहेत, दुसरीकडे पन्नास दिवस. झॅबिक्सच्या काही आवृत्त्यांतल्या लिनक्स टेम्प्लेटमध्ये म्हणूनच टक्क्यांना जोडअट होती: मोकळी जागा ठरावीक जीबीच्या खाली गेलेली हवी, किंवा सध्याच्या वेगानं डिस्क दिवसभरात भरणारी हवी. तेव्हा वाचकानं आधी गेल्या महिन्यातले अलर्ट डिस्कच्या आकारानुसार लावून पाहावेत. गोंगाट मोठ्या डिस्कचा निघाला, तर ८५ नं तो थोडे दिवस थांबेल आणि छोट्या डिस्कवरचे दोन तास उगाच हातचे जातील. तिथं आकड्याला नव्हे, जोडअटीला हात घालावा लागेल, आणि त्यासाठी सूत्र वाचता यायला हवं.