घरी सिनेमा कसा पाहावा?

सिनेमा घरी पाहण्याचेही एक शास्त्र आहे. मनमाड पडले जंक्शन! ऐन रहस्य फुटायच्या वेळी इंजिनाची शिट्टी होते आणि बोलपटाचा मूकपट होतो. मग बुडालेला संवाद आमची आजी स्वतः रचून सांगते.

यालाही परंपरा आहे. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली झळकला. मूकपटांच्या त्या काळी पडद्यावरची अक्षरे ज्यांना वाचता येत नसत, त्यांना शेजारचे वाचून दाखवीत. म्हणजे सिनेमा मुळात चारचौघांतच पाहायचा!

हल्ली जो तो कानांत बोळे घालून मोबाईलवर एकटा पाहतो. संवाद सगळे ऐकू येतात. खुनी मात्र शेवटपर्यंत कळत नाही. आधीच सांगणारी आजी शेजारी नसते ना!